तीन लाख वर्षं शिकार-कंदमुळं आणि मग शेवटच्या दहा-बारा हजार वर्षांत शेती, शहरं, लिपी सगळंच? असं का झालं असेल?

रानवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, इथे या विषयातले जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. मी स्वतः या क्षेत्रातला नाही, नुसती आवड आहे, त्यामुळे काही चुकलं तर बिनधास्त सांगा.

मोरोक्कोत जेबेल इऱ्हूद नावाची जागा आहे, तिथल्या कवट्या आणि जबडे साधारण ३,००,००० वर्षांपूर्वीचे असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. त्यांना आपल्याच जातीचे सुरुवातीचे लोक मानतात, चेहरा बराचसा आपल्यासारखा, कवटी मागून थोडी लांबट पण मेंदूचं माप आपल्याएवढंच. आता पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तेव्हापासून आजपर्यंत १२,००० पिढ्या झाल्या. त्यातल्या शेती करणाऱ्या पिढ्या शेवटच्या साडेचारशेच्या आसपास आणि लिहिता येणाऱ्या जेमतेम दोनशे-सव्वादोनशे! मग आधीच्या साडेअकरा हजार पिढ्या काय करत होत्या? तेच डोकं, तेच हात, मग बी पेरलं की उगवतं हे कुणाच्याच लक्षात आलं नसेल का?

आणि दुसरं त्याहून विचित्र वाटतं. पश्चिम आशियात गहू-बार्ली, चीनमध्ये भात आणि बाजरीसारखी भरड धान्यं, मेक्सिकोत मका, अँडीज पर्वतात बटाटा, न्यू गिनीत केळी आणि अळूचे कंद, या लोकांची एकमेकांशी गाठभेट होणं शक्यच नव्हतं आणि तरी काही हजार वर्षांच्या आगेमागे सगळ्यांनी शेती सुरू केली. तीन लाख वर्षांच्या हिशोबात हे जवळजवळ एकदमच झालं म्हणायचं. याला धरून परग्रहवासी, बुडालेली महासंस्कृती असले व्हिडिओ खूप फिरतात, मला ते पटत नाहीत पण खरं उत्तर काय हेही सांगता येत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

गाळपेर

चांगला प्रश्न आहे आणि तुमच्या दुसऱ्या भागातच पहिल्याचं अर्धं उत्तर दडलंय. एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी एकाच सुमारास एकच गोष्ट केली, म्हणजे त्या सगळ्यांना समान असलेलं काहीतरी तेव्हा बदललं असणार, आणि सगळ्या पृथ्वीला समान म्हणजे हवामान.

शेवटचं हिमयुग सुमारे २०,००० वर्षांपूर्वी अगदी भरात होतं, इतकं पाणी बर्फात अडकलेलं की समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. पण नुसती थंडी हा मुद्दा नाहीये, मुद्दा आहे बेभरवशाचा. ग्रीनलंडच्या बर्फात खोल भोकं पाडून जे लांबलचक नमुने काढलेत त्यात थर मोजून जुन्या काळचं तापमान कळतं, आणि त्यात दिसतं की हिमयुगात काही दशकांत तिथलं तापमान आठ-दहा अंशांनी किंवा त्याहून जास्त चढायचं आणि मग परत उतरायचं, असं वीस-पंचवीस वेळा झालंय. म्हणजे एखाद्या माणसाच्या आयुष्यातच त्याच्या ओळखीचं रान, ओळखीचा पाऊस, सगळं बदलून जायचं. अशा काळात एका जागी बसून एकाच गवतावर पोट ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. ज्याला उठून चालू पडता येतं तोच टिकणार. शिवाय हवेत कार्बन डायऑक्साइड तेव्हा दहा लाखात १८०-१९० भाग इतकाच होता, नंतर २६० च्या वर गेला, आणि गहू-भातासारख्या वनस्पती कमी कार्बनमध्ये मुळातच रोड राहतात, दाणा कमी धरतात.

मग साधारण १४,५०० वर्षांपूर्वी हवा उबदार झाली, परत १२,९०० च्या सुमारास एकदम गारठली, आणि ११,७०० वर्षांपूर्वी जी स्थिरावली ती स्थिरावलीच. त्या स्थिर काळात आपण अजून राहतोय. इतका लांब आणि इतका शांत काळ त्याआधीच्या लाखभर वर्षांत मिळालाच नव्हता. तेव्हा लोकांना सुचलं नव्हतं असं नाही, सुचून उपयोग नव्हता.

खापरतुकडा

गाळपेर यांच्याशी सहमत, पण मला मूळ प्रश्नातल्या "काय करत होत्या" या शब्दांवर जरा बोलायचंय, कारण हा गैरसमज खूप खोलवर बसलाय आणि मला तो मनापासून सलतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत १,००,००० वर्षांपूर्वी शिंपल्यांमध्ये गेरू कालवून ठेवलेला सापडलाय, सोबत घासायचे दगड, म्हणजे रंग बनवायचं पद्धतशीर सामान. त्याच गुहेत ७३,००० वर्षांपूर्वी दगडावर गेरूने काढलेल्या आडव्या-उभ्या रेघा आहेत. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या गुहेत रानडुकराचं आणि त्याच्याभोवती माणसांसारख्या आकृत्यांचं चित्र आहे, ते किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचं ठरलंय. जर्मनीत गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली, बोटांसाठी नीट भोकं पाडलेली, ३५-४० हजार वर्षं जुनी. रशियात सुंगीर इथे ३४,००० वर्षांपूर्वीच्या कबरीत दोन मुलं आहेत आणि त्यांच्या अंगावर हस्तिदंताचे १०,००० च्या वर मणी. मॅमथचा दात कापून, घासून, भोक पाडून एक मणी करायला किती वेळ लागत असेल याचा विचार करा, आणि तसे हजारो, तेही लेकरांसाठी. त्या वस्तीत किती हात कामाला लागले असतील आणि किती जीव तुटला असेल.

तर ह्या पिढ्या कशाची वाट बघत बसल्या नव्हत्या. त्या पूर्ण आयुष्यं जगत होत्या, ऑस्ट्रेलियापर्यंत समुद्र ओलांडून गेल्या, सैबेरियाच्या थंडीत सुईने कातडी शिवून राहिल्या. आणि निएंडरथल माणसाशी त्यांची लेकरंही झाली, आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत एक-दोन टक्के डीएनए त्यांचा आहे.

आणि "बी उगवतं हे लक्षात आलं नसेल का" याचं उत्तर तर सरळ आहे, आलं होतं. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराचं पाणी १९८९ मध्ये खूप आटलं तेव्हा काठावर ओहालो नावाची २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. झोपड्यांच्या जमिनी, चुली, आणि पाण्याखाली कुजण्यापासून वाचलेले हजारो दाणे, रानटी बार्ली, रानटी गहू, आणि धान्य रगडायचा दगड. शेती सुरू व्हायच्या अकरा-बारा हजार वर्षं आधी! भांड्यांचंही तसंच, चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेतली खापरं २०,००० वर्षं जुनी आहेत. आपण शाळेत शिकतो की आधी शेती, मग एका जागी वस्ती, मग मडकी. प्रत्यक्षात चीन-जपानकडे मडकी आधी आली, शेती कितीतरी नंतर, आणि पश्चिम आशियात शेती आधी आणि मडकी हजार-दोन हजार वर्षांनी. मी काही वर्षं उत्खननातली खापरं धुऊन नंबर टाकायचं काम केलंय, आणि तिथे पहिली गोष्ट कळते ती ही, की पुस्तकातला क्रम जमिनीखाली तसाच्या तसा भेटत नाही.

उभाखडक

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले. पण गोबेकली तेपेचं नाव कसं नाही आलं अजून? तुर्कस्तानात, ११,००० वर्षांहून जुनं, टी आकाराचे पाच-साडेपाच मीटर उंच दगडी खांब, त्यावर कोल्हे, साप, गिधाडं, विंचू कोरलेले, आणि हे करणारे लोक शेतकरी नव्हतेच, शिकारी होते. क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून तिथे उत्खनन केलं आणि त्यांचं म्हणणं असं की आधी देऊळ आलं, देवळासाठी माणसं जमली, त्यांना खायला घालायला शेती आली. म्हणजे हवामान वगैरे ठीक पण खरं कारण श्रद्धा. मला हे फार पटतं.

खापरतुकडा

@उभाखडक, श्मिट सरांचं काम मोठंच आहे, त्याआधी त्या टेकाडावरचे दगड लोक मध्ययुगीन कबरी समजत होते. पण ते २०१४ मध्ये गेले आणि त्यानंतरच्या कामात चित्र बरंच बदललंय. तिथे राहती घरं निघाली, पावसाचं पाणी साठवायची सोय निघाली, आणि धान्य दळायचे-रगडायचे दगड तर सात हजारांच्या वर. म्हणजे ती ओसाड माळावरची नुसती यात्रेची जागा नव्हती, लोक तिथे राहत होते आणि रानटी धान्य मोठ्या प्रमाणात दळून खात होते. देऊळ आधी की वस्ती आधी असा प्रश्न आता तितका उरत नाही, दोन्ही सोबतच दिसतात. इतके खांब उभे करायला शेकडो हात लागले असणार आणि त्या हातांना जेवण लागणार, हा तुमचा मुद्दा मात्र मला अजूनही मोलाचा वाटतो, माणसं पोटाशिवायही एकत्र येतात.

ओंबी

मी वनस्पतीशास्त्राची आहे म्हणून दाण्याच्या बाजूने लिहिते, कारण सगळी गंमत खरं तर त्या दाण्यात आहे.

रानटी गव्हाची ओंबी पिकली की तिचा कणा आपोआप तुटतो आणि दाणे सुटे होऊन जमिनीवर पडतात. त्या झाडाचा फायदा त्यातच आहे, बी पसरलं पाहिजे. पण क्वचित एखादं झाड बिघडलेलं निघतं, त्याचा कणा तुटतच नाही, दाणे कणसालाच धरून राहतात. रानात असं झाड निर्वंश होतं. माणूस विळा घेऊन आला की मात्र नेमकं हेच झाड त्याच्या हातात जास्त येतं, कारण बाकीच्यांचे दाणे आधीच गळालेले. मग त्यातलंच थोडं पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पेरलं, की पुढच्या वर्षी न गळणारी थोडी जास्त. असं करत करत शेवटी सगळं रानच न गळणारं होतं, आणि तेव्हा गहू माणसाशिवाय जगू शकत नाही अशी वेळ येते. मक्याचं तर त्याहून टोकाचं, त्याचा पूर्वज तेओसिंते नावाचं मेक्सिकोतलं गवत, त्याच्या कणसात पाच ते बारा दाणे, एकेक दगडासारख्या टणक कवचात. त्याच्याकडे बघून हा मक्याचा आजोबा असं कुणीही म्हणणार नाही, जनुकं तपासल्यावर ते पक्कं झालं.

आता महत्त्वाचं. प्रयोगांवरून आधी वाटलं होतं की हा बदल शंभर-दोनशे वर्षांत उरकला असेल. पण जळलेल्या दाण्यांच्या बुडाशी तुटल्याची खूण बघून कळतं की दाणा आपोआप गळला होता का झोडपून काढावा लागला, आणि तशी मोजणी केली तेव्हा निघालं की पश्चिम आशियात याला दोन-तीन हजार वर्षं लागली. म्हणजे शंभरएक पिढ्या! त्यातल्या एकाही माणसाला आपण काही नवीन करतोय हे कळलं नसणार. आजीने जिथून कणसं आणली तिथूनच नातीने आणली, थोडं तण काढलं, थोडं पाणी वळवलं, बस. रानवाट, तुम्ही "सुरू केली" म्हणताय ना, ती कुणी सुरू केली नाही, ती होत गेली. म्हणूनच शेतीचा शोध लावणारा माणूस कधी सापडणार नाही.

दुसरं, हा सगळा भार कुणाच्या अंगावर पडला तेही लिहून ठेवते. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाची वस्ती होती, १९७२-७३ मध्ये घाईघाईने उत्खनन झालं कारण धरणाचं पाणी येणार होतं, आता ती पाण्याखाली आहे. तिथल्या सांगाड्यांमध्ये बायकांच्या पायाच्या अंगठ्याची हाडं घासलेली, गुडघे आणि पाठीचे खालचे मणके दुखावलेले. कारण काय, तर गोल फिरणारं जातं तेव्हा नव्हतंच, ते फार नंतर आलं. पाट्यासारखा लांब दगड जमिनीवर, त्यापुढे गुडघ्यावर बसायचं, पायाची बोटं मागे दुमडून टेकवायची आणि दोन्ही हातांनी वरचा दगड पुढे-मागे ढकलत राहायचं, रोज कित्येक तास, लहानपणापासून. हे वाचलं तेव्हा मी त्या हाडांचे फोटो बराच वेळ बघत बसले होते. संस्कृतीचा उदय म्हणताना मला आधी तो अंगठा आठवतो.

उलटतपासणी

गाळपेर, तुमच्या हवामानाच्या मुद्द्याला एक अडचण आहे. १,३०,००० ते १,१५,००० वर्षांपूर्वी असाच उबदार काळ होता ना? तेव्हा आजच्यापेक्षा थोडं जास्तच ऊन होतं, समुद्र सहा-नऊ मीटर वर होता, लंडनमध्ये पाणघोडे डुंबत होते, त्यांची हाडं सापडली आहेत. माणूस तेव्हाही होता. पंधरा हजार वर्षं म्हणजे आपल्याला शेतीपासून इथवर यायला लागली त्याहून जास्त. मग तेव्हा का नाही झालं? हवामान हे कारण असेल तर तेव्हाही व्हायला हवं होतं.

गाळपेर

@उलटतपासणी, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. हवामान हे पुरेसं कारण नाही, आवश्यक कारण आहे. दार उघडलं म्हणजे कुणी आत गेलंच पाहिजे असं नाही.

तेव्हा आणि आता यात फरक काय, तर माणसं किती, कुठे, आणि गाठीशी काय घेऊन. तेव्हा आपल्या जातीची माणसं मुख्यतः आफ्रिकेत आणि थोडी पश्चिम आशियाच्या कडेला होती, विरळ. पहिल्या वेळी रानात जागा मोप होती, एक ओढा आटला तर पलीकडच्या ओढ्याला जायचं, एवढी कटकट करून गवताचे बारीक दाणे कशाला वेचतील. दुसऱ्या वेळी म्हणजे १२-१५ हजार वर्षांपूर्वी माणूस अंटार्क्टिका सोडून जवळपास सगळ्या खंडांवर पसरला होता आणि चांगल्या जागी आधीच कुणीतरी बसलेलं होतं. शिवाय मधल्या लाख वर्षांत जमवलेलं सामान, सुई, दोर, जाळी, विळ्याची पाती, रगडायचे दगड, पाळलेला कुत्रा, धान्य साठवायच्या युक्त्या, हे सगळं दुसऱ्या वेळी हाताशी होतं. ओहालोच्या लोकांना दाणे वेचायची सवय हिमयुगातच लागली होती, म्हणजे हवा सुधारली तेव्हा ते तयारीत होते. आणि जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडलेत, शेतीच्या कितीतरी आधी. तेव्हा मी असं म्हणेन की उबदार काळ दोनदा आला, पण भाकरी करता येणाऱ्या माणसाला तो एकदाच भेटला.

रानवाट

बापरे, एवढं सगळं! ओंबीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण मग मला आता उलटाच प्रश्न पडलाय, शेतीने पाठ मोडत होती, दात किडत होते, एकच धान्य खाऊन उंचीही कमी झाली असं वाचलंय, तर मग लोकांनी सोडून का नाही दिली? रान तर होतंच की.

ओंबी

@रानवाट, मुलांमुळे.

सतत फिरणाऱ्या बाईला दोन तान्ही एका वेळी उचलून नेता येत नाहीत, त्यामुळे दोन बाळांत तीन-चार वर्षांचं अंतर पडायचं, अंगावर पिणं लांबवर चालायचं आणि त्यानेही पुढचं बाळंतपण लांबायचं. घर एका जागी झालं, धान्याची मऊ पेज बाळाला लवकर देता यायला लागली, की अंतर कमी. जगभरातल्या जुन्या दफनभूमी तपासल्या तर शेती आली की लहान मुलांच्या हाडांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. ते वाचताना दोन्ही गोष्टी एकदम समजून घ्याव्या लागतात, जन्मही वाढले आणि बालमृत्यूही. पण एकंदर माणसं वाढलीच. आणि जिथे पूर्वी पन्नास माणसं रानावर जगत होती तिथे पाचशे झाली की मग रान पुरत नाही. नातवाने ठरवलं तरी आजोबासारखं परत रानात जाता येत नाही, कारण आता त्याच्या मागे नऊ खाणारी तोंडं आहेत. म्हणजे एकेका माणसाचं जगणं कष्टाचं झालं पण माणसांची संख्या वाढली, आणि संख्येपुढे शेजारच्या शिकारी टोळ्या टिकल्या नाहीत. युरोपात तर जुन्या हाडांच्या डीएनएवरून स्पष्ट दिसतं की शेती तिकडे मुख्यतः अनातोलियातून (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून) चालत आलेल्या शेतकरी कुटुंबांसोबत गेली, तिथल्या शिकाऱ्यांनी नुसतं बघून उचलली असं नाही.

तरी काहींनी सोडलीही, मध्येच शेती टाकून परत गोळा करण्यावर आलेले समाज होऊन गेलेत. सगळे एकाच दिशेने चालले होते असं नाही.

कोठारवाला

उशिरा आलो धाग्यावर. सगळी चर्चा शेतीवर झाली पण शीर्षकात शहरं आणि लिपीही आहेत. माझ्या मते शेतीपासून शहर आपोआप येत नाही, मध्ये चार-पाच हजार वर्षांचं अंतर आहे, आणि त्याचं उत्तर धान्याच्या कोठारात आहे.

न्यू गिनीत कुक नावाच्या दलदलीत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळी, अळू यांची मातीचे उंचवटे करून पद्धतशीर लागवड होती, आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत चर खणून पाण्याचा निचराही करायला लागले, म्हणजे शेती चांगली मुरलेली. पण राजा, सैन्य, शहर तिथे उभं राहिलं नाही. का? कंद जमिनीत राहतो, लागेल तेव्हा उकरायचा, काढला की फार टिकत नाही. असल्या पिकावर कुणी येऊन हक्क कसा सांगणार, काय मोजणार आणि काय उचलून नेणार? गहू-बार्लीचं उलट आहे. एकदम पिकतं, सगळ्यांना दिसतं, वाळवलं की वर्षभर टिकतं, मापाने मोजता येतं, वाटे पाडता येतात, आणि मळणीच्या दिवशी खळ्यावर माणूस उभा केला की त्याचा हिस्सा घेता येतो. जिथे धान्य साठतं तिथे ते राखणारा, मोजणारा आणि वाटणारा येतो, आणि त्यातूनच राज्य. मेसोपोटेमियात उरुक शहर इसवीसनपूर्व ३१०० च्या सुमाराला अडीचशे हेक्टरवर पसरलेलं होतं, माणसं काही दहा हजारांत. तिथे तिरप्या काठाचे ओबडधोबड वाडगे अक्षरशः ढिगाने सापडतात, साच्यातून काढलेले, साधारण एका मापाचे. बहुतेकांच्या मते ती मजुरांना रोजचं धान्य वाटायची मापं. आणि त्यांच्या लिपीत "खाणे, शिधा" याची खूण म्हणजे माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी तोच वाडगा!

उलटतपासणी

@कोठारवाला, धान्य म्हणून राज्य हे सूत्र मला जास्तच नेटकं वाटतं. तीन उदाहरणं देतो.

पेरूमध्ये कराल हे जुनं शहर. इसवीसनपूर्व २६०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या जवळपासचा काळ. पुरातत्त्वज्ञ रूथ शेडी यांनी तिथे काम केलं. पायऱ्यापायऱ्यांचे मोठे ओटे, जमिनीत उतरलेली गोल प्रांगणं, पेलिकनच्या हाडांच्या बासऱ्या, पण मडकी नाहीत, तटबंदी नाही, लढाईच्या खुणा नाहीत. आतल्या खोऱ्यात कापूस पिकवायचा, त्याची जाळी विणून किनाऱ्यावर द्यायची आणि तिकडून वाळवलेली छोटी मासळी घ्यायची, यावर मुख्य व्यवहार. तिथे धान्याचं कोठार हे शहराचं मूळ नव्हतं.

युक्रेनमध्ये त्रिपिल्या संस्कृतीच्या वस्त्या, इसवीसनपूर्व ४१०० ते ३६०० दरम्यान. म्हणजे उरुकच्या आधी. काही वस्त्या तीनशे हेक्टरच्या आसपास, घरं एकात एक वर्तुळांमध्ये मांडलेली, मध्ये मोकळं मैदान. गव्हाची शेती होती, गुरं होती, पण राजवाडा नाही, श्रीमंत कबरी नाहीत, हिशोबाच्या पाट्या नाहीत. धान्य होतं, राजा दिसत नाही.

आणि तिसरी आपली सिंधू. हडप्पाचं उत्खनन १९२१ मध्ये दयाराम साहनींनी सुरू केलं, मोहेंजोदडोचं १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जींनी, आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी जगाला सांगितलं. शंभर वर्षं खोदतोय, पण नक्की राजवाडा म्हणावा अशी इमारत नाही, राजाचं थडगं नाही, राजाच्या विजयाचं शिल्प नाही. तरीही इसवीसनपूर्व २६०० ते १९०० मध्ये शेकडो किलोमीटर अंतरावरच्या गावांत विटेचं प्रमाण एकच, १:२:४, आणि दगडी वजनं एकाच पद्धतीची. म्हणजे मापं पाळली जात होती, पण ती कुणी दरडावून पाळायला लावली का आपसातल्या व्यापारासाठी सगळ्यांनी धरली हे त्या विटा सांगत नाहीत. लिपी आहे पण वाचता आलेली नाही, एका लेखात सरासरी पाचच चिन्हं, एवढ्यावरून काय लागणार.

कोठारवाला

मान्य आहे. मी धान्याला एकमेव कारण म्हणायला नको होतं, धान्याने राज्य शक्य होतं, सक्तीचं होत नाही, असं म्हणतो. त्रिपिल्याचं उदाहरण मला खरंच विचार करायला लावणारं आहे. त्यात परत त्या वस्त्या काही शतकांनी लोकांनी सोडून दिल्या आणि पांगले, शहर कायमचं राहिलंच पाहिजे असंही नाही. पण जिथे सक्ती आली तिथे तिची सुरुवात मापात दिसते यावर मी ठाम आहे.

रानवाट

खूप खूप आभार सगळ्यांचे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी "काय करत होत्या" असं लिहिलं होतं ते आता वाचून मलाच लागलं, सुंगीरची मुलं डोक्यातून जात नाहीयेत. एक शेवटचं विचारतो, मग थांबतो. लिपी नक्की कशातून आली? म्हणजे कुणाला तरी कधीतरी पहिल्यांदा काहीतरी लिहून ठेवावंसं वाटलं, ते काय होतं? गोष्ट, प्रार्थना, नाव?

कोठारवाला

बार्ली!

खरंच. पश्चिम आशियात शेतीच्या सुरुवातीपासूनच मातीच्या छोट्या गोळ्या, सुळके, चकत्या सापडतात, बोराएवढ्या. डेनीस श्मांट-बेसेरा या अभ्यासक बाईंनी मांडलं की त्या मोजणीच्या आहेत, अमुक आकार म्हणजे धान्याचं एक माप, अमुक म्हणजे एक मेंढी. मग इसवीसनपूर्व चौथ्या सहस्रकात त्या गोळ्या मातीच्या पोकळ चेंडूत बंद करून वरून शिक्का मारायला लागले, की मधल्या माणसाने काही काढून घेऊ नये. पण आत काय आहे ते फोडल्याशिवाय कसं कळणार, म्हणून बंद करायच्या आधी त्याच गोळ्या बाहेरच्या ओल्या मातीवर दाबून ठसे उमटवले. आणि एकदा बाहेर ठसे आले की आतल्या गोळ्यांची गरजच उरली नाही, चेंडू चपटा झाला, ती पाटी. त्यांच्या मांडणीवर बारकाव्यात आक्षेप घेतलेत लोकांनी, पण हिशोबातून लिपी आली हे उरुकच्या पाट्या स्वतःच सांगतात, सगळ्यात जुन्या पाट्यांतल्या बहुतांश नुसत्या धान्य, मेंढ्या, बियर, मजूर यांच्या नोंदी आहेत. एका पाटीवर आहे, बार्लीची २९,०८६ मापं, ३७ महिने, आणि खाली "कुशिम". ते माणसाचं नाव की हुद्दा यावर वाद आहे. माणसाचं असेल तर लिहून ठेवलेल्या सगळ्यात जुन्या नावांपैकी एक, आणि तो राजा नाही, पुजारी नाही, कोठारावरचा हिशोबनीस.

ओंबी

यात माझी एक भर. त्या हिशोबाच्या पाट्यांपासून सुमारे आठशे वर्षांनी, इसवीसनपूर्व २३०० च्या आसपास, उर शहरात चंद्रदेव नन्नाच्या देवळात एन्हेदुआना नावाची मुख्य पुजारीण होती, अक्कडच्या सारगॉन राजाची मुलगी. तिचं नाव आणि प्रतिमा असलेली दगडी चकती १९२७ मध्ये उरच्या उत्खननात सापडली. इनान्ना देवीची स्तोत्रं तिच्या नावावर आहेत, त्यातल्या एकात ती स्वतःचं नाव घेऊन बोलते, मी एन्हेदुआना, आणि देवळातून आपल्याला कसं हाकलून दिलं ते सांगते. हाती आलेल्या प्रती नंतरच्या लेखनिकांनी उतरवलेल्या आहेत म्हणून ती खरंच तिची का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण मेंढ्या मोजायला केलेल्या खुणांनी त्या वेळेपर्यंत एका बाईचं गाऱ्हाणं लिहिता यायला लागलं होतं.